डेंजर, रिस्क आणि रिकामं पिंप

सेफ्टी ऑफिसर म्हणून कारखान्यात लागलो तेव्हा मी नेमकं काय करतो हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "तो तिकडे सगळ्यांना जपून राहा म्हणून सांगत फिरतो." इतकी वर्षं झाली, याहून नेटकी व्याख्या मला सापडलेली नाही. गंमत एवढीच, की 'जपून' हा शब्द आमच्या एकाही कागदावर नाही. कागदावर डेंजर असतो, हॅझर्ड असतो, रिस्क असते, शिवाय वॉर्निंग, कॉशन, थ्रेट ही भावंडं असतात. आणि ही सगळी मंडळी मराठीत यायला निघाली की एकाच दारातून आत शिरतात. दारावर पाटी: धोका.

खेड आणि चिपळूणच्या मधे लोट्याची एमआयडीसी आहे, तिथे आमचा रसायनांचा कारखाना. नवीन कंत्राटी कामगार आले की पहिल्या दिवशी तासभर माझं प्रवचन असतं. स्लाइड्स हेड ऑफिसकडून आलेल्या. तिसऱ्या स्लाइडवर हॅझर्ड आणि रिस्क यांतला फरक. हॅझर्ड म्हणजे एखाद्या वस्तूच्या अंगात असलेली इजा करायची ताकद. रिस्क म्हणजे ती इजा खरोखर व्हायची शक्यता किती आणि झालीच तर केवढी, या दोन्हींचा मिळून हिशेब. समजायला सोपं जावं म्हणून शार्कचं चित्र आहे. समुद्रात शार्क आहे, हा हॅझर्ड. तुम्ही त्याच समुद्रात पोहताय, ही रिस्क. ज्याने कोणी ही स्लाइड केली त्याने कोकण पाहिलेलं नाही. इथे शार्क दाखवून कोणाला भीती घालता येत नाही. मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मुशी आहे ती. कालवण बरं होतं."

एकदा बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून बॉयलरवरचे मामा वर्गात येऊन बसले होते. मुशीवरून पिकलेला हशा थांबेना, तेव्हा तेच म्हणाले, "साहेब, सरळ सांगा ना. विहीर म्हणजे हॅझर्ड. विहिरीच्या काठावर पोरगं खेळतंय, ती रिस्क."

मी विचारलं, "मग करायचं काय, मामा?"

"विहीर बुजवायची."

"पाणी कुठून प्यायचं?"

"नळ घ्यायचा."

"नळ घेणं जमत नसेल तर?"

"मग कठडा बांधायचा. कठड्याला पैसे नसले तर पोराला दम द्यायचा. आणि दम ऐकणारं पोर नसेल, तर पाठीला डबा बांधून ठेवायचा. पडलं तरी तरंगेल."

वर्ग पुन्हा हसला. मला हसू आलं नाही, कारण पुढच्या पाच स्लाइड्स मामांनी संपवल्या होत्या. धोका आवरायच्या आमच्या शास्त्रात पाच पायऱ्या शिकवतात: मूळ वस्तूच काढून टाका, नाही जमलं तर कमी घातक वस्तू आणा, तेही नाही तर मधे काहीतरी भक्कम उभं करा, मग नियम, शिस्त, पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, गॉगल, हातमोजे. मामांनी एकही पायरी गाळली नाही, क्रमही बदलला नाही. कारखान्यांत मात्र बहुतेक ठिकाणी सुरुवात डब्यापासून होते. डबा स्वस्त पडतो.

तेव्हापासून शार्क गेला, विहीर आली. आणि मला या इंग्रजी शब्दांचं कूळ-मूळ शोधायचा नाद लागला.

डेंजर हा शब्द मूळचा भीतीचा नाहीच, मालकीचा आहे. लॅटिनमध्ये धन्याला 'डॉमिनस' म्हणतात. त्याच्या सत्तेचा शब्द जुन्या फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला तो डेंजर. अमक्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या तावडीत असणं. तो मारेल किंवा सोडेल, त्याची मर्जी. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया अँटोनिओला भर कोर्टात विचारते, तू याच्या डेंजरमध्ये आहेस ना? शायलॉक काही विजेचा खांब नव्हे. सावकार आहे, आणि अँटोनिओ त्याच्या कर्जात अडकलाय. आपल्याकडच्या कुळाला हा अर्थ शब्दकोश न उघडता कळला असता. हजेरीपट घेऊन फाटकावर उभ्या असलेल्या ठेकेदाराकडे पाहताना मला अजूनही हा जुना अर्थच आधी आठवतो.

हॅझर्ड हा जुगारी. जुन्या फ्रेंचमध्ये हे फाशांच्या एका खेळाचं नाव. त्याचंही मूळ अरबीत, फासा या अर्थाच्या शब्दात असावं असं काहीजण म्हणतात. त्यावर वाद आहेत. आज हाच शब्द गाडीच्या लाल त्रिकोणाच्या बटणावर येऊन बसलाय. कशेडी घाटात धुकं उतरलं की चारही दिवे मिचकावत गाड्या निघतात. ते दिवे बंद पडून उभ्या असलेल्या गाडीसाठी असतात. पण आपल्याकडे उजवा दिवा म्हणजे उजवीकडे, डावा म्हणजे डावीकडे, आणि दोन्ही म्हणजे सरळ, असं साधं गणित आहे.

जेपर्डी हाही खेळातलाच. फ्रेंच 'जू पार्ती', म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं पारडं असलेला डाव. डिझॅस्टरमध्ये तारा आहे, वाईट तारा. आमच्या गावाकडे "त्याचे ग्रह फिरले" म्हणतात. तेवढंच, फक्त सुटसुटीत. पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो पेरिल. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ परीक्षा, करून पाहणं. एक्स्पिरियन्स आणि एक्स्पर्ट हे त्याच गोतावळ्यातले. हे वाचलं आणि आजी आठवली. भूछत्र्या आणल्या की ती म्हणायची, "विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" लॅटिनचं एक अक्षर न शिकता तिने तो शब्द उलगडून ठेवला होता.

रिस्कच्या मुळाबद्दल तर जाणकारांचं एकमतच नाही. कोणी ते समुद्रातल्या खडकापाशी नेतात, कोणी अरबी रिझ्कपाशी, म्हणजे नशिबाने पदरात पडलेल्या दाण्यापाण्यापाशी. दुसरं खरं असो वा नसो, मला आवडतं. कारण रिस्कमध्ये नेहमी काहीतरी मिळायचं असतं, नुसत्या धोक्यात काही मिळत नाही. म्हणून आपण रिस्क 'घेतो'; धोका कोणी घेत नाही, तो असतो किंवा होतो. मराठीत रिस्कला शोभेल असा शब्द जोखीम नव्हे. जोखीम म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटच्या तीन सेकंदांत एका दमात म्हणायला ठीक आहे. खरा शब्द आहे 'सुळावरची पोळी'. पोळी दिसतेय, सूळही दिसतोय, भूक लागलीय. रिस्क असेसमेंटचा अख्खा तक्ता या दोन शब्दांत बसतो.

आणि धोका? आमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहारकडचे कामगार बरेच. मोठ्या लाल अक्षरांत 'धोका' अशी पाटी लावली तेव्हा एका वेल्डरने मला निरागसपणे विचारलं, "किसने दिया, साहब?" त्याच्या भाषेत धोका म्हणजे दगाफटका. पाटीखाली 'खतरा' लिहून घेतलं, पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. मराठीतही आपण धोका देतोच की. आणि मी पाहिलेले बहुतेक अपघात असेच, दगा देणारे. बंद वाटलेला व्हॉल्व्ह बंद नसतो. वीज गेलेली असते पण गेलेली नसते.

डेंजर हल्ली मराठीत कौतुकाचा शब्द झालाय हेही खरं. "काय डेंजर बॉलिंग टाकली", "वहिनींचा ठेचा लई डेंजर". आधी आपण भयंकरची हीच गत केली होती. माझी मावशी अजून "भयंकर गोड पोर" म्हणते. त्यामुळे डेंजरची पाटी वाचून आमच्या तरुण पोरांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मला अपेक्षित असलेली नसते.

ड्रमवर चिकटवायच्या लेबलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी आखून दिलेली जगभरची एक पद्धत आहे. तिच्यात इशाऱ्याचे शब्द दोनच: जास्त गंभीर असेल तर डेंजर, कमी असेल तर वॉर्निंग. हा फरक वर्गात कोणाच्या गळी उतरेना. माझी सासुरवाडी कोल्हापूरची. जुलैत सासऱ्यांचा फोन येतो तेव्हा ते पाऊस फार आहे, भीती वाटते, असलं काही बोलत नाहीत. "राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस झालं" एवढंच सांगतात. पंचगंगेची तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. एकोणचाळीसला सामान माळ्यावर चढायला लागतं, त्रेचाळीसच्या आत म्हातारीकोतारी पाहुण्यांकडे पोचलेली असतात. मधल्या चार फुटांत काय काय करायचं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा असा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पंचगंगा काढली आणि संयुक्त राष्ट्रं पाच मिनिटांत संपवली.

उंचावर काम करायचं तर आमच्याकडे पर्मिट लागतं, आणि पर्मिटवर धोके लिहावे लागतात. एकदा एक रिगर, म्हणजे जड सामान दोरखंडांनी वर चढवणारा कामगार, म्हणाला, "साहेब, आज चढत नाही. माझा घातवार आहे." वरिष्ठ चिडले. मी त्याला खालचं काम दिलं. चढण्याआधी क्षणभर थांबून विचार केलेला त्या दिवशीचा तो एकटाच माणूस होता.

आता त्या पिंपाचं.

टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इंग्रजीत आरंभीचा 'इन' बऱ्याचदा नकार दाखवतो, त्यामुळे हा पेटणारा की न पेटणारा, असा घोळ खुद्द इंग्रजांच्या पोरांचाही होतो. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून आग रोखणाऱ्या मंडळींनी तो 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आपला 'ज्वालाग्राही' असल्या भानगडीत पडत नाही. तो ज्वाळा धरतो, विषय संपला. पण पिंपं रिकामी झाली की त्यांच्यावर ज्वालाग्राही कोण लिहिणार? ती मागच्या अंगणात जातात आणि त्यांना सगळे म्हणतात 'एम्टी'.

त्या अंगणात एका दुपारी लोडिंगवरचा एक नवा पोरगा टोल्युइन या ज्वालाग्राही द्रावकाच्या एम्टी पिंपाला टेकून निवांत बसला होता. गेटवर काडेपेट्या काढून घेतात, याने लायटर मोज्यात घालून आणला होता. ओठांत बिडी, अंगठा लायटरवर. पिंपाचं झाकण उघडं. मी वीसेक पावलांवर होतो. इतकी वर्षं शिकवलेले शब्द त्या वेळी रांगेने यायला हवे होते, डेंजर, हॅझर्ड, वॉर्निंग. तोंडातून निघालं ते, "ए! मरशील!"

अंगठा थांबला. पोरगा उठला, मीच मग पिंपापासून लांब जाऊन खाली बसलो. मामा पाणी घेऊन आले. "जिवावरचं शेपटावर निभावलं," म्हणाले. आमच्या नोंदवहीत याला 'नियर मिस' म्हणतात. शेपटाचा उल्लेख नसल्यामुळे तो शब्द मला कायम अपुरा वाटतो.

पोराला मी विचारलं, टेकायला तेच पिंप कशाला? तो म्हणाला, "रिकामं होतं ना, साहेब. भरलेल्यापाशी कसा ओढीन?" त्याने विचार केला होता. चुकीचा, पण केला होता. भरलेल्या पिंपात वाफेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी उरलेले चार थेंब उडतात, हवेत मिसळतात, आणि ठिणगीची वाट बघत बसतात. आपल्याकडे म्हण आहेच, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. रिकामेपण निरुपद्रवी नसतं हे भाषेला माहीत आहे, फक्त पिंपाच्या बाबतीत तिने ते सांगून ठेवलं नाही.

हेच कोड्यात टाकणारं पिंप अमेरिकेत हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत बेंजामिन ली व्होर्फ नावाच्या माणसाला भेटलं होतं. पेशाने आगी टाळणारा, नादाने भाषाशास्त्रज्ञ. आगी का लागल्या याचे अहवाल तपासताना त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरल्या पिंपांपाशी माणसं सांभाळून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांपाशी बिनधास्त सिगारेटी ओढतात. आग शब्दानेही लागते. हे त्याने १९४१ साली छापून आलेल्या निबंधात लिहिलं. भाषा आणि विचार यांबद्दलचे त्याचे मोठमोठे दावे पुढे लोकांनी बरेच सोलून काढले. माझ्यापुरतं तरी पिंप जागचं हललेलं नाही.

मी नियर मिसचा फॉर्म भरला. 'हॅझर्ड' या रकान्यात लिहिलं: एम्टी ड्रम. तीन दिवसांनी हेड ऑफिसचा मेल आला. ड्रम रिकामा असताना हॅझर्ड कसा, कृपया खुलासा करावा.

खुलासा पाठवला आणि पेंटरला बोलावलं. त्याला कागदावर मजकूर दिला: 'रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा जास्त धोकादायक असते. जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नेऊ नये.' त्याने बोट ठेवून अक्षरं मोजली. त्याचा दर अक्षरावर होता.

"फार झालं, साहेब," तो म्हणाला. "वरचे दोन शब्द राहू द्या, 'रिकामे पिंप'. खाली कवटी काढतो."

"कवटीचे किती?"

"कवटीचे नाही घेत मी."