शिसं, लिथियम आणि दहा मायक्रॉनचा थर

बुधवार, रात्र

आज दिवसभर डोक्यात हार्टमन लेयरच, म्हणजे चुंबकीय फील्डमधून वाहणाऱ्या वितळलेल्या धातूचा भिंतीलगतचा अगदी पातळ थर. ताळगावहून युनिव्हर्सिटीची बस धरली तेव्हाही तेच आणि पणजीला उतरून फोंड्याच्या गाडीत बसले तरी तेच, म्हणून लिहूनच टाकते.

फ्युजन, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, म्हटलं की सगळे प्लाझ्माबद्दल, त्यातल्या अतितप्त वायूबद्दल बोलतात, पण मला वाटतं खरी परीक्षा त्याच्या बाहेर, रिअॅक्टरच्या भिंतीमागच्या ब्लँकेटमध्ये, म्हणजे प्लाझ्माभोवतीच्या आवरणात आहे. तिथे शिसं आणि लिथियमचं वितळलेलं मिश्रण फिरवायचं, जे २३५ अंशांच्या आसपास वितळतं. न्यूट्रॉन त्यानेच झेलायचे, लिथियमपासून ट्रिटियम (हायड्रोजनचं जड रूप, फ्युजनचं इंधन) तिथेच तयार व्हायचं, काही डिझाइनमध्ये तर उष्णताही त्यानेच बाहेर आणायची. ट्रिटियमचं अर्धायुष्य फक्त १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा असा नाहीच, रिअॅक्टरने आपलं इंधन आपणच बनवायला हवं.

आणि प्लाझ्माला धरून ठेवणारं चुंबकीय फील्ड, ईटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन रिअॅक्टरमध्ये मधोमध ५.३ टेस्ला, ते या धातूलाही सोडत नाही. धातू वाहिला की त्यात करंट, करंट आला की उलटा जोर, आणि वेग तोच ठेवून फील्ड दुप्पट केलं तर जोर चौपट.

रायबंदरच्या कॉजवेवर खिडकीतून मांडवी दिसली आणि वीज-चुंबकत्वाचा शास्त्रज्ञ फॅरडे आठवला. त्याने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तांब्याच्या पट्ट्या सोडून वाहत्या पाण्यातली वीज मोजायचा प्रयत्न केला, धड काही हाती लागलं नाही. मांडवीचं खारं पाणीही पृथ्वीच्या फील्डमधूनच वाहतं, पण ते फील्ड टेस्लाच्या काही लाखांश भागाएवढं आणि पाणी धातूच्या मानाने फारच कमजोर वाहक, नदीला काही फरकच पडत नाही. ब्लँकेटमधला पंप मात्र त्याच नियमाने दमतो.

मला सगळ्यात आवडतं ते भिंतीचं प्रकरण. १९३७ मध्ये डेन्मार्कच्या हार्टमनने पाऱ्यावर हे दाखवलं. भिंत वीजवाहक असेल तर करंट तिच्यातून आरामात परत फिरतो आणि धातूला मागे ओढतच राहतो. भिंत इन्सुलेटेड असेल तर करंटला परतायला भिंतीलगतच्या पातळ थरातूनच वाट उरते, आणि तिथे त्याची दिशा उलटी म्हणून जोर पुढे लागतो! त्यामुळे प्रेशर कितीतरी कमी खर्च होतं. हार्टमन नंबर (चुंबकीय जोर धातूच्या चिकटपणाच्या मानाने किती भारी ते सांगणारा आकडा) दहा हजार आणि अर्धी रुंदी दहा सेंटिमीटर धरली तर हा थर दहा मायक्रॉनचा, केसापेक्षा बारीक, आणि त्यावर पंपाचं सगळं गणित.

म्हणूनच भिंतीला वीज फारशी न जाऊ देणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या अस्तराची कल्पना आहे. गांधीनगरच्या आयपीआर या प्लाझ्मा संशोधन संस्थेनेही शिसं-लिथियम आणि सिरॅमिक दोन्ही वापरणाऱ्या ब्लँकेटचं डिझाइन केलंय, ते वाचून खूप बरं वाटलं. पण १४ एमईव्ही इतक्या प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रॉन वर्षानुवर्षं खाऊन अस्तराला भेग पडली तर करंट तिथून निसटणार, एका बाजूला ओढ वाढणार, प्रवाह वाकडा होणार. उद्या सरांना विचारते, प्रोजेक्टमध्ये अशी एकच भेग धरून प्रेशर किती चढतं ते काढता येईल का.