पाच सऱ्या, आठ सऱ्या

गोळा हातातून सुटतो त्या क्षणी माझं बूड खुर्चीवरून उचललं गेलं का, हे बघायला एक माणूस नेमलेला असतो. तो बाजूला वाकून माझी चड्डी आणि गादी यांच्या मधल्या फटीवर नजर रोखून बसतो. दिव्यांगांच्या गोळाफेकीतल्या माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत मला सहा फेकी मिळाल्या आणि त्यातल्या चारांवर लाल झेंडा पडला, म्हणजे फेक बाद. बसून खेळायचा खेळ आणि मला धड बसता येत नव्हतं.

त्याआधी मी कबड्डी खेळायचो. डावा कोपरारक्षक. चढाईवाल्याचा पट काढायचा तर सगळी ताकद टाचेतून वर येते. गावात आमचा संघ चांगला होता, तालुक्याला दरारा होता. २०१६ च्या जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, रात्री साडेनऊला मोटारसायकलवरून घरी येत होतो. रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. चौथ्या दिवशी मिरजेत उजवा पाय मांडीतून काढला. यावर जास्त लिहीत नाही. आमच्या भागात अशी गोष्ट घरटी एक सापडेल.

गोळा हातात आला तो दोन वर्षांनी. कृत्रिम पाय बसवल्यावर तालमीत नुसते दंड मारायला जायचो. तिथल्या सरांनी माझे खांदे बघून चार किलोचा गोळा दिला. म्हणाले, एफ ५७ मध्ये बसेल तुझं. हा गट बसून फेकणाऱ्यांचा. पाय नसलेले किंवा पायात जोर कमी असलेले, पण हात आणि धड शाबूत असलेले यात येतात. आधी तपासणारे लोक हातपाय वाकवून, ढकलून बघतात आणि मग गट ठरतो.

पहिली खुर्ची गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतली. तो ट्रॉल्याच बनवतो, त्यामुळे खुर्ची इतकी जड झाली की उचलायला तिघं लागायचे. नियम असा की बैठकीची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर नको. आम्ही लोखंड बरोबर ७५ वर कापलं आणि वर हौसेने रेक्झिनची गादी ठोकली. स्पर्धेच्या ठिकाणी पंचांनी टेप लावला. गादी काढून फेकली आणि बोडक्या पत्र्यावर बसलो. खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधतात, मग मांड्या खुर्चीला बांधतात. बांधाबांधीत वेळ जातो, म्हणून प्रत्येकाच्या फेकी सलग एका बसणीत उरकतात. समोर एक उभा दांडा असतो. डाव्या हाताने तो धरायचा, त्याच्याकडे अंग खेचत धड वळवायचं आणि उजव्या हाताने गोळा ढकलायचा. दांडा सरळ हवा, त्यात स्प्रिंगसारखी लवचीक उसळी नको.

आता माझी अडचण. जोर लावायच्या ऐन क्षणाला नसलेली टाच जमिनीत रुतते. खरंच रुतते, मला माती लागते. मग थोटूक पट्ट्यातून सटकतं, उजवी बाजू वर येते आणि लाल झेंडा. सर ओरडायचे, "पाय विसर!" मी म्हणायचो, मी विसरलोय हो सर, त्यालाच माझी आठवण येते. शेवटी पट्टा मांडीवरून न घेता कंबरेच्या खोबणीतून तिरका घेतला. हे जमायला दीड वर्ष गेलं.

आबा, म्हणजे माझे चुलते, मैदानावर कधी आले नाहीत. पण पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारायचे, "किती पडला रं?" मी म्हणालो, सहा मीटर नव्वद. आबा म्हणाले, मीटर सांगू नगंस, सऱ्या सांग. सरी म्हणजे उसाच्या दोन ओळींमधलं अंतर, आमची साडेचार फुटी. हिशेब केला, पाच सऱ्या. "पाच सऱ्या? ढेकूळबी लांब जातंय की."

मला हे बोलणं आवडलं. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात मला अनेकदा बोलावलं गेलं. भाषणात जिद्द असते, नियती असते, तरुणांपुढचा आदर्श असतो. गोळा किती लांब गेला, हे एकाही माइकवाल्याने आजवर विचारलेलं नाही. आमच्या वाळवा तालुक्यातलं पेठ हे मुरलीकांत पेटकरांचं गाव. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहला, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पेठ नाक्यावरून शेकडो वेळा गेलोय. शाळेत हा आकडा कुणी सांगितला नाही, पाय गेल्यावर कळला.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आमच्या एफ ५७ ची अंतिम फेरी मी आणि आबा मोबाइलवर बघत बसलो. नागालँडचा होकाटो सेमा, सैन्यातला, २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाने पाय गेलेला. पुण्यात खडकीला तयार झाला, तेही बत्तिशीत सुरुवात करून. १४.६५ मीटर, कांस्य. मी त्याच्या अंतरापेक्षा त्याचं बूड बघत होतो. हलत नव्हतं! इराणच्या खोस्रावीने १५.९६ टाकला. त्याच स्पर्धेत आटपाडीच्या करगणीचा सचिन खिलारी हात अधू असलेल्यांच्या गटात, एफ ४६ मध्ये, उभ्याने १६.३२ टाकून रौप्य घेऊन आला. सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकलं. आबांनी बोटांवर हिशेब केला. सेमा साडेदहाच्या पुढं, खिलारी बारा सऱ्यांना टेकलेला. मग माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

मी राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा खेळलोय, पदक नाही. चौतिशी गाठलीय. यंदाच्या राज्य स्पर्धेत पाचवी फेक झाली आणि नेहमीसारखं कान टवकारून मी झेंड्याकडे बघितलं. पांढरा. ११.३८. माझी आजवरची सगळ्यात लांब. सहावी फेक लाल झाली, पण तोवर मला फिकीर नव्हती.

पट्टे सोडायच्या आधी खुर्चीतूनच फोन लावला. आबा शेतात होते, मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज. सऱ्या सांगितल्या. आठ, आणि वर थोडं.

परवा घरी गेलो तर आई म्हणाली, आबा टेप मागून घेऊन गेलेत. बांधापासून अकरा मीटर अडतीस मोजून त्यांनी तिथं बाभळीची काठी रोवलीय म्हणे. ऊस अजून उभा आहे, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.