फोम कापायची धनुकली: हरवलेले चार वॉट

मॉडेल विमानाचे फोमचे पंख कापायला धनुष्यासारख्या चौकटीत स्प्रिंगने ताणलेली, विजेने तापणारी तार वापरतो; हीच धनुकली. मागच्या नोंदीत 60 सेंटिमीटरच्या धनुकलीचे गणित मांडले होते. प्रत्यक्ष पंख कापायला घेतल्यावर मात्र तारेला वीज देणाऱ्या सप्लायचे बटण एकाच जागी असूनही एक काप लोण्यासारखा जात होता, तर पुढच्याला तार फोममध्ये अडकून पृष्ठभागावर वळ्या उठत होत्या. त्यामुळे पंखाच्या आकाराविषयी जे लिहायचे ठरवले होते ते बाजूला ठेवून ही नोंद याच कोड्याला देत आहे.

तार 26 गेजची, 80/20 नायक्रोमची (80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमिअम), व्यास 0.457 मिलिमीटर. हिचा रोध मीटरला साधारण 6.6 ओहम, म्हणजे 60 सेंटिमीटरला सुमारे 4 ओहम भरतो. 12 व्होल्टला 3 अँपिअर आणि 36 वॉट अपेक्षित असताना सप्लायवर 12.0 व्होल्ट आणि 2.5 अँपिअर दिसत होते. भागाकार केला की 4.8 ओहम आणि गुणाकार केला की 30 वॉट. तार तापली म्हणून रोध वाढला, हे उत्तर इथे पुरत नाही. टंगस्टनला ते लागू पडते, कारण 60 वॉटचा 230 व्होल्टचा जुना बल्ब पेटलेला असताना 880 ओहमच्या आसपास असतो आणि थंड असताना त्याचा रोध दहा-पंधरा पट कमी भरतो. नायक्रोम मात्र काही शंभर अंश तापूनही चार-पाच टक्क्यांपलीकडे सरकत नाही, आणि म्हणूनच शेगडीच्या कॉइलला ती वापरतात. तेव्हा जास्तीत जास्त 4.2 ओहम समजू शकतात, वरचे 0.6 कुणाचे?

मल्टिमीटर 200 ओहमच्या पट्टीवर लावून हे सुटत नाही, कारण त्याच्या प्रोब एकमेकींना टेकवल्या तरी तो काही दशांश ओहम दाखवतो. इथे ज्याच्या नावावरून हे एकक आले त्या जर्मन शास्त्रज्ञ ओहमचीच युक्ती कामाला आली. 1826 साली त्याने मापलेल्या तारेची लांबी x मानून जे सूत्र मांडले, त्यात छेदस्थानी केवळ x नव्हता, b + x होते, आणि हा b म्हणजे तार सोडून बाकीच्या सगळ्या परिपथाचा वाटा. (बॅटरीचा विद्युतदाब ढळत राहतो म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडणी घेऊन तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला होता. तीस व्होल्टचा सप्लाय टेबलावर असणाऱ्यांनी तक्रारी जपून कराव्यात.)

तारेचे तापमान तेच राहावे म्हणून सप्लाय स्थिर धारेवर, 2.5 अँपिअरला बांधला आणि क्लिप तारेवर सरकवत गेलो. 20 सेंटिमीटरला 5.08 व्होल्ट, 40 ला 8.53 आणि 60 ला 12.0 आले, म्हणजे 2.03, 3.41 आणि 4.80 ओहम. दर 20 सेंटिमीटरला जवळजवळ 1.39 ओहमची भर पडते आणि आलेखाची रेषा शून्यातून न जाता 0.64 ओहमवर टेकते. ती रेषा पाहताना झालेला आनंद पहिल्या उड्डाणापेक्षा फारसा कमी नव्हता. पडताळा म्हणून दुसऱ्या मीटरच्या प्रोब थेट तारेच्या दोन टोकांना लावल्या, तेव्हा 10.4 व्होल्ट मिळाले: तारेत 4.16 ओहम आणि 26 वॉट, उरलेले 4 वॉट वाटेत.

वाट तुकड्यातुकड्याने मोजली. मगरी क्लिपांच्या दोन्ही तयार वायरींत प्रत्येकी 0.6 व्होल्ट, स्थिर टोकाच्या सांध्यात 0.1 आणि स्प्रिंगच्या टोकाच्या सांध्यात 0.3. या वायरींना चुंबक चिकटते, त्यावरून आत तांबे किती असेल याचा अंदाज करावा. रंगीबेरंगी जुडग्यात मिळणाऱ्या या वायरी सिग्नलपुरत्याच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्रिंगच्या बाजूचा सांधा अधिक वाईट असण्याचे कारणही उघड आहे. तापल्यावर 60 सेंटिमीटरची तार दोन-अडीच मिलिमीटर लांबते, क्लिप तिच्यासोबत घसरते आणि दातांखालची जागा दर वेळी बदलते. काप कधी चांगला, कधी वाईट का, ते इथे कळले.

इंदूरच्या सियागंज बाजारातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर, पितळी स्क्रू आणि वायसर आणले. नायक्रोमला साधे सोल्डर धरत नाही, त्यामुळे दोन वायसरांमध्ये तार आवळणे हाच भरवशाचा मार्ग. आता 12 व्होल्टला 2.8 अँपिअर जातात आणि तारेवर 11.8 व्होल्ट पोहोचतात, म्हणजे 33 वॉट. इतक्या वॉटला फोम तारेच्या बऱ्याच आधी वितळून खाच रुंद होते. माझ्या हाताच्या वेगाला 26 वॉटच बरे पडतात.

इथवर लिहून झाल्यावर ध्यानात आले, की चाचणीपुरती बांधलेली स्थिर धारा कापतानाही तशीच ठेवली तर सांध्याचा रोध थोडा हलला तरी तारेतील उष्णता हलणार नाही, कारण ती धारेच्या वर्गावर आणि तारेच्या स्वतःच्या रोधावर ठरते. शिवाय प्रत्येक सेंटिमीटरला मिळणारे वॉट धनुकलीच्या लांबीवर अवलंबून राहत नाहीत. त्यामुळे सप्लायऐवजी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर लावायचा बेत रद्द. 90 सेंटिमीटरच्या धनुकलीला याच 2.5 अँपिअरवर 6.24 ओहम, 15.6 व्होल्ट आणि 39 वॉट लागतील, तेव्हा सप्लायची दाबमर्यादा 17 व्होल्टला ठेवून पुढचा पंख एकसंध कापेन. टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या पंखात तार टोकाशी हळू सरकते आणि तिथे जास्त वितळवते, हा प्रश्न मात्र धारेने सुटणारा नाही. त्यासाठी दोऱ्या-कप्पीची ओढ बांधायला घेतली आहे. 24 गेजची तार कुणाकडे असल्यास तीन लांबींवरची व्होल्ट-अँपिअरची मापे अवश्य कळवावीत.