पिल्लू, वावर आणि कानात गोष्ट : ८ ते २० आठवड्यांची नोंद

पिल्लू गावठी कुत्र्याचं, वावरातल्या गुरांच्या कोठ्याजवळ राहणारं. ८व्या आठवड्यात आईपासून वेगळं केलं तेव्हा कपाशीची वेचणी जोरात होती, तूर फुलावर आणि हरभरा नुकताच पेरलेला. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना हा हंगाम सोन्यासारखा वाटतो, कारण हात दिवसभर गुंतलेले आणि कान मोकळे. पण सोबत पिल्लू असेल तर ऐकायचं ते पिल्लू झोपल्यावर. ते जागं आणि मोकळं असताना कानात गोष्ट चालू ठेवली तर पिल्लाची शिस्तही बिघडते आणि गोष्टही डोक्यात राहत नाही.

८ ते ९ आठवडे

या वयात पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. हिशोबाने ऐकायला वेळच वेळ, पण तो तुकड्यातुकड्यांत मिळतो. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर १०-१५ मिनिटांत आणि खेळणं थांबलं की त्याला बाहेर न्यावंच लागतं. वय महिन्यांत मोजून त्यात १ मिळवा, तितके तास पिल्लू लघवी रोखतं असा ठोकताळा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास ही झाली कमाल मर्यादा. दिवसा दर तास-दीड तासाने नेलेलं बरं. म्हणून पुस्तक निवडताना प्रकरणांची लांबी बघावी. २० ते ३० मिनिटांची प्रकरणं या दिनक्रमात बसतात, ५० मिनिटांची हमखास मध्येच तुटतात. स्लीप टायमर (ठरल्या वेळी आवाज आपोआप बंद करणारी सोय) ३० मिनिटांवर ठेवावा. आवाज बंद झाला की उठून पिल्लू बघायचं, वेगळा गजर लावायची गरज नाही.

झोपायला संत्र्याचं प्लॅस्टिकचं कॅरेट आडवं ठेवलं, खाली कुटाराचा (भुशाचा) थर आणि वर दुहेरी बारदाना. बारदाना धान्याचाच घ्यावा. औषध लावलेल्या बियाण्याच्या किंवा खताच्या पिशव्या पिल्लू चघळतं, आणि त्यांचा अंश पोटात जातो.

पिल्लू एकटं झोपताना स्पीकरवर पुस्तक लावायचं का? २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका कुत्र्यांच्या निवारागृहातला अभ्यास प्रसिद्ध झाला. संगीतापेक्षा ऑडिओबुक चालू असताना कुत्री जास्त वेळ निवांत पडून राहिली, असं त्यात दिसलं. ती निवाऱ्यातली कुत्री होती, वावरातलं दोन महिन्यांचं पिल्लू नव्हे, तेव्हा फार भरवसा ठेवू नये. तरी करून बघायला खर्च काहीच नाही. फोनचाच स्पीकर पुरतो. कॅरेटपासून दोन-तीन मीटरवर, खुंटीला टांगलेला, आणि आवाज इतकाच की शेजारी कुणी साध्या आवाजात बोललं तर ते स्पष्ट ऐकू यावं.

इथे दोन चुका बहुतेकांच्या होतात. पहिली, नाट्यरूपांतर लावणं. त्यात दार आपटतं, वीज कडाडते, कुत्रं भुंकतं, आणि पिल्लू ताडकन उठतं. एकाच वाचकाचं, सपाट सुराचं वाचन घ्यावं. फुकट ॲपमध्ये प्रकरणांच्या मध्ये वाजणारी मोठ्या आवाजाची जाहिरातही तितकीच वाईट, म्हणून फाईल उतरवून घेऊन नेट बंद ठेवावं. दुसरी चूक जास्त महागात पडते: फक्त घराबाहेर पडतानाच पुस्तक लावणं. आठवडाभरात पिल्लू ओळखतं की हा आवाज आला म्हणजे माणूस चालला, आणि वाचकाचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कुईंकुईं सुरू होते. जवळ बसून कापसातला कचरा काढतानाही तोच आवाज रोज थोडा वेळ चालू हवा.

फाईलींची तयारी

वावरात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. ६४ केबीपीएस (हा आकडा मोठा तितका आवाज स्वच्छ आणि फाईल जड) मोनो फाईल तासाला साधारण २९ एमबी घेते. ८ तासांचं पुस्तक २३० एमबीत मावतं. ३२ केबीपीएसला जागा निम्मी लागते, पण स, श, ष घासल्यासारखे ऐकू येतात. निवेदन मराठी असेल तर ६४च ठेवावं.

बरेच जण कामाच्या वेळी साधा बटणांचा फोन वापरतात, पडला तरी हळहळ नाही म्हणून. त्याची अडचण अशी की बंद केल्यावर तो बहुधा जागा लक्षात ठेवत नाही, फाईल पहिल्यापासून लावतो. उपाय म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाचे १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडून कार्डात भरणं. नावं ००१, ००२, ००३ अशी द्यावीत. नुसतं १, २, ३ दिलं तर काही फोन १ नंतर १० वाजवतात, आणि रहस्यकथेतला खुनी तिसऱ्या तुकड्यातच सापडतो! ४ जीबीच्या कार्डात सव्वाशे तासांहून जास्त ऐकणं बसतं, एवढ्यात दोन हंगाम निघतात.

वेग १.२५ ठेवला तर १० तासांचं पुस्तक ८ तासांत होतं. वऱ्हाडी बोलीतले संवाद असतील तर मात्र १ वरच ऐकावं. त्या बोलीची गंमत हेल काढण्यात आहे आणि वेग वाढवला की नेमका तोच जातो.

१० ते १२ आठवडे

शिकवण्याचे हे दिवस. बस, ये, सोड, प्रत्येकी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. या वेळी इअरफोन खिशात. पिल्लाने बरोबर केलं की बक्षीस एक-दोन सेकंदांत तोंडात पडायला हवं, तरच त्याला ते कशाबद्दल मिळालं हे कळतं. कानात गोष्ट असली की हात उशिरा हलतो. तोवर पिल्लू बसून परत उठलेलं असतं, आणि बक्षीस उठल्याबद्दल मिळतं. शौचाचंही तसंच. नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं म्हणजे हाती काही क्षणच असतात, आणि गोष्ट रंगात आली असेल तर ते क्षण हमखास हुकतात.

बक्षीस म्हणून ज्वारीच्या भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा उकडलेल्या अंड्याचा कण चालतो. खाणं दिवसातून चारदा, तीन महिन्यांनंतर तीनदा. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतू नये, दोन्ही कुत्र्याला बाधतात. निव्वळ दुधाने हगवण लागते.

पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढचे डोस, आणि रेबीजची तीन महिने झाल्यावर. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून डोस पूर्ण होईस्तोवर गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या जागी पिल्लू खाली सोडू नये. उचलून न्यावं, ट्रॅक्टर, बैलबंडी, फवारणी पंप यांचे आवाज लांबून ऐकवावेत. हे वयच सवयी लागायचं आहे.

१३ ते १६ आठवडे

दुधाचे दात पडायला लागतात आणि वायर दिसली की सुटत नाही. गळ्यात लोंबणारा नेकबँड म्हणजे पिल्लासाठी हलणारं खेळणंच. तुटलेली वायर फेकून देता येते, पण कानात बसणारी रबरी टोपी गिळली तर आतड्यात अडकू शकते. ओकाऱ्या, खाणं बंद, शी होत नाही, अशी लक्षणं दिसली तर वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. इअरफोन आणि चार्जर खांद्याच्या उंचीवरच्या खुंटीला. कुरतडायला जुन्या सुती कापडाची गाठ मारलेली वेणी, पाण्यात भिजवून द्यावी. सुजलेल्या हिरड्यांना थंडावा मिळतो.

फवारणीच्या दिवशी ऐकणं बंद. औषधाचा हात पुन्हापुन्हा कानाशी जातो, आणि इअरफोनच्या रबराला लागलेलं औषध दिवसभर कातडीवर राहतं. पिल्लू त्या दिवशी बांधलेलं, रिकामे डबे कुलपात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष टाकलं असेल तर पिल्लू त्या बाजूला न्यायचंच नाही. एरंडीची पेंड खत म्हणून टाकली असेल तर तेच. कुत्र्याला तिचा वास आवडतो आणि ती विषारी असते.

१७ ते २० आठवडे

पिल्लू आता सलग पाच तास काढतं. रात्रीच्या थ्री-फेज लाईनवर हरभऱ्याचं ओलीत असतं, पहिल्यांदाच दोन-दोन तास सलग ऐकता येतं. पण एकाच कानात, आणि तोही धुऱ्याच्या (बांधाच्या) उलट बाजूचा. दुसऱ्या कानाने घोणसेचा फुत्कार, रानडुकरांची खुसफुस आणि पंपाचा बदललेला सूर ऐकायचा असतो. फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडून पंप हवा ओढायला लागला की सूर पातळ होतो; दोन्ही कान बंद असतील तर हे सील जळाल्यावरच कळतं. पिल्लू सोबत असेल तर तीन मीटरच्या दोरीवर, टॉर्च पुढे. त्याने थबकून कान टवकारले की आधी पॉजचं बटण, मग पाऊल.

पॉज केल्यावर परत लावताना ३० सेकंद मागे जायचं. जागलीत एका रात्रीत हे दहा-बारा वेळा होतं, म्हणून ओलिताच्या पाळीला गुंतागुंतीची कादंबरी घेत नाही. सुट्या कथा किंवा प्रवासवर्णन चालतं.

मार्चपासून ऐकणं पहाटे पाच ते आठ. फोन उन्हात खांबावर टांगून चार्ज करायचा नाही, ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चार्ज केली की तिचं आयुष्य घटतं. पिल्लाचं कॅरेट तोवर निंबाच्या सावलीत सरकवायचं आहे, आणि गोचीड बघायला रोज संध्याकाळी कानांच्या मागे, बोटांच्या फटीत हात फिरवायचा आहे. त्याला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे कार्डातला बरोबर एक तुकडा.