थांब्यावरचा उजेड

रात्री नाशिकरोडच्या बससाठी थांब्यावर उभी होते. वर पांढराफटक एलईडी, पण उजेड सगळा पाठीमागून, त्यामुळे समोरून येणाऱ्याला आमचे चेहरे दिसेनात, आम्हाला बसची पाटी वाचता येईना. बायका आपसूक शेजारच्या चहाच्या टपरीकडे सरकल्या. तिथे एकच पिवळा बल्ब, तरी जिवाला बरं वाटलं.

नुसते दिवे वाढवून भागत नाही. डोळ्यांत घुसणाऱ्या झोताने बाहुली आकसते, पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. रात्री ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) निळसर पांढऱ्यापेक्षा ३००० च्या आसपासचा पिवळसर उजेड डोळ्यांना कितीतरी सुसह्य.

कुंभमेळ्यासाठी शहरात एवढी कामं चालली आहेत. थांब्यांवर दिवे लावताना रात्री तिथे उभ्या राहणाऱ्या बायकांनाही विचारा ना!