साडेतीन तास

गेल्या महिन्यात युनिव्हर्सिटीकडून दोन ओळींचा ईमेल आला. तुमच्या प्लेसमेंटच्या, म्हणजे वॉर्डात शिकत काम करण्याच्या, तासांबद्दल बोलायचं आहे, गुरुवारी दुपारी दोनला या, सोबत कोणाला आणायचं असेल तर आणू शकता. त्या शेवटच्या वाक्यानं पोटात गोळा आला. सोबत माणूस घेऊन या, असं लोक कधी सांगतात ते कळण्याइतकं माझं वय झालं आहे. तेहतिसाव्या वर्षी इथे ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसले, तेव्हा वाटलं होतं की अभ्यास जड जाईल. अभ्यास जड गेला नाही, गाडी अडली ती हजेरीवर.

झालं ते असं. नोव्हेंबरात मेडिकल वॉर्डात माझा लाँग डे होता, सकाळी साडेसात ते रात्री आठ. मधला एक तास सुट्टीचा, तो हिशेबात धरत नाहीत, म्हणजे पदरात पडतात साडेअकरा तास. त्या दिवशी वॉर्ड शांत होता. दुपारी साडेचारला इनचार्ज म्हणाली, आज विशेष काही नाही, तू जा घरी. मी गेले. दुसऱ्या दिवशी टाइमशीटवर मात्र साडेसात ते आठ असंच लिहिलं आणि कागद माझ्या प्रॅक्टिस सुपरवायझरपुढे, म्हणजे वॉर्डात मला शिकवणाऱ्या नर्सपुढे, धरला. त्यांनी सही केली. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास विद्यार्थ्यांची चौकशी करणाऱ्या बाई वॉर्डात येऊन गेल्या होत्या आणि मी त्यांना दिसले नव्हते, हे मला कुठून माहीत असणार?

एकूण साडेतीन तासांचा प्रश्न. आपल्यापैकी कित्येकांच्या भुवया यावर हलणारही नाहीत. माझ्याही हलल्या नसत्या. मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं तेव्हा मैत्रिणीच्या नावाला 'प्रेझेंट मॅडम' म्हणणं हा मैत्रीचा भाग होता. जर्नलमधली रीडिंग्ज सीनिअरच्या जर्नलमधून यायची, एखादा आकडा थोडा इकडेतिकडे करून. मॅडमना ते ठाऊक असायचं, त्या सही करायच्या, आणि आम्ही सगळ्या चांगल्या मार्कांनी पास झालो.

इथे गणित टक्क्यांत नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंद व्हायची तर ४६०० तास भरावे लागतात. निम्मे अभ्यासाचे, निम्मे पेशंटपाशी. हा आकडा नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलचा, ज्याला सगळे एनएमसी म्हणतात. पेशंटपाशी काढायचे ते २३०० तास. २२९९ झाले तरी गाडी पुढे सरकत नाही. ताप आला, मूल आजारी पडलं, घरात मयत झाली, तर कोणी रागवत नाही, उलट आपुलकीनं विचारतात, घरी जा म्हणतात. पण ते तास नंतर भरून द्यायचेच.

आणि आपल्याकडे नियम ढिले आहेत असंही कोणी समजू नये. माझी मावसबहीण सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के लागते. ती हॉस्टेलला राहिली, पहाटे उठून कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून वॉर्डात उभी राहिली. तिच्या वॉर्डात रात्री साठ पेशंट आणि दोन सिस्टर असायच्या. इथल्या माझ्या वर्गातल्या मुलींना तशी एक रात्र काढायला सांगितली तर काय होईल, हा विचार माझ्या मनात येतो आणि तो आल्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

गुरुवारी मी एकटीच गेले. समोर दोघी होत्या. कोणी आवाज चढवला नाही. पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि विचारलं की त्या दिवशी तू किती वाजता निघालीस. मी खरं सांगितलं. मग एवढंच विचारलं, की आठ का लिहिलंस. मी म्हणाले, इनचार्जनं स्वतः पाठवलं होतं, मी पळून गेले नव्हते. शिवाय त्याच आठवड्यात तीन दिवस मी पाऊण-पाऊण तास जास्त थांबले होते, ते कुठेच लिहिलं नाही. त्यावर एक बाई शांतपणे म्हणाल्या, तेही लिहायला हवं होतं. लिहिलं असतंस तर आपण ते बघितलं असतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण इतके दिवस झाले तरी त्या सव्वादोन तासांचा विषय माझ्या मनातून जात नाही, हेही सांगून टाकते. कमी दिलं ते धरलं आणि जास्त दिलं ते सुटलं, असं वाटत राहतं. सुटलं ते माझ्याच हातून, हे कळतं, तरीही.

त्यांनी एनएमसीचा कोड, म्हणजे नर्सनं कसं वागायचं त्याची नियमावली, पुढे ठेवला. त्यातलं दहावं कलम नोंदी स्वच्छ आणि खऱ्या ठेवण्याचं आहे, विसाव्यात सचोटीनं वागण्याचं. पहिल्याच आठवड्यात तो आमच्याकडून वाचून घेतला होता. मी तेव्हा तो औषधांच्या आणि पेशंटच्या कागदांबद्दल आहे असं समजून चालले होते. टाइमशीट हीही नोंद आहे हे डोक्यात आलंच नाही. तीन वर्षांनी युनिव्हर्सिटीला माझ्याबद्दल एनएमसीला लिहून द्यावं लागणार आहे, की हिचं आरोग्य आणि हिचं चारित्र्य या कामाला योग्य आहे. 'चारित्र्य' हा शब्द आपल्याकडे बायकांच्या बाबतीत कशासाठी वापरतात ते सांगायला नको. इथे तो माझ्या घड्याळाच्या काट्याला लावला होता, आणि खोलीबाहेर आल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसून राहिले.

इथली माणसं जन्मजात सत्यवादी आहेत असा गैरसमज मात्र नको. हे शहाणपण त्यांनी फार महागात विकत घेतलं आहे. स्टॅफर्डच्या हॉस्पिटलचं प्रकरण आम्हाला वर्गात शिकवलं. तिथे पेशंट पाण्यावाचून आणि मळलेल्या अंथरुणात पडून राहत होते, नातेवाईक ओरडून सांगत होते, आणि त्याच काळात, २००८ मध्ये, तो कारभार चालवणाऱ्या संस्थेला फाउंडेशन ट्रस्टचा मानाचा दर्जा मिळाला. कागद उत्तम होते. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. पुढच्याच वर्षी, काही चुकलं तर पेशंटला उघडपणे सांगण्याचं बंधन हॉस्पिटलांवर कायद्यानं आलं.

आता युनिफॉर्मबद्दल, कारण पहिल्या दिवशी मला धक्का बसला होता तो त्याचा. कोपराखाली काही नाही. बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, लांब बाही नाही. नखं बोटाच्या आत, नेलपॉलिश नाही. एक साधी वळ्यासारखी अंगठी चालते, खडा असलेली चालत नाही. केस कॉलरच्या वर बांधायचे. २००७ साली सरकारच्या आरोग्य खात्यानं हे ठरवलं आणि २००८ पासून ते इंग्लंडभर लागू झालं. बांगड्या मी पहिल्या रात्रीच साबण लावून काढल्या. आई फोनवर गप्प झाली, पण मला स्वतःला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मायक्रोबायोलॉजी शिकले आहे. मनगट उघडं नसेल तर हात धुतले म्हणता येत नाही, हे प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती बघितलेल्या माणसाला पटवावं लागत नाही. युनिफॉर्म घरी ६० अंशांवर दहा मिनिटं धुवायचा, तो घालून दुकानात जायचं नाही, हेही पटलं. गंमत म्हणजे त्याच मार्गदर्शनात हेही लिहिलं आहे की कपड्यांमधून संसर्ग पसरतो याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. जे ठाऊक नाही ते सरकारी कागदावर लिहून ठेवायचं आणि तरी नियम पाळायचा, हे मला मनापासून आवडलं.

सवय व्हायला वेळ लागला तो घड्याळाची. मनगटावरचं गेलं आणि छातीवर पिनेनं उलटं लटकणारं घड्याळ आलं. समोरच्याला त्यात बारा खाली दिसतात, मान झुकवून बघणाऱ्या मला सरळ. पहिले कित्येक दिवस मी वेळ बघायला रिकामं मनगट वळवत होते. हे घड्याळ वेळ बघण्यापेक्षा सेकंदकाट्यासाठी असतं, हे मला माझ्या सुपरवायझरनी शिकवलं. ज्यांची सही मी घेतली होती, त्याच त्या.

त्या केरळच्या, कोट्टयमच्या. वीस वर्षांहून अधिक काळ इथे आहेत. वॉर्डात सगळे त्यांना नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून ते अजून येत नाही, मी सिस्टरच म्हणते. मीटिंगनंतर त्यांच्याकडे जायला मला दोन दिवस लागले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, मी तुझ्याकडे बघून सही केली, घड्याळाकडे बघून नाही. एवढंच बोलून माझा विषय त्यांनी संपवला आणि म्हणाल्या, चल, सहा नंबरच्या आजोबांची ऑब्झर्वेशन्स राहिली आहेत.

इथे पेशंटच्या सहा गोष्टी मोजून त्यांना गुण देतात. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. याला न्यूज टू म्हणतात, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये काढलेली सुधारित पद्धत. बाकीच्या बहुतेक गोष्टी मशीन सांगतं. श्वास मात्र माणसानंच मोजायचा. मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन, २५ झाले की एकदम तीन, आणि मग कोणाला तरी तातडीनं बोलवायचं. माणूस बिघडायला लागला की बरेचदा श्वास आधी बदलतो. आणि कंटाळा येऊन सोडून दिला जातो तोही श्वासच.

सिस्टरनी आजोबांचा चार्ट माझ्यापुढे धरला. १८, १६, १८, १८, १६. काय दिसतं, विचारलं. मी म्हणाले, सगळं नॉर्मल. त्या म्हणाल्या, पुन्हा बघ. मला काही दिसेना. मग त्यांनी सांगितलं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर १२, १६, २०, २४ हेच येतं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर सम आकडाच येतो. विषम आकडा फक्त पूर्ण मिनिट उभं राहिलेल्या माणसाला मिळतो. 'चार्टवर कुठे १७ दिसला की मला बरं वाटतं,' त्या म्हणाल्या.

मी गार पडले, कारण त्यातला एक १६ माझा होता.

आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो बदलतो, म्हणून सिस्टरनी नाडी बघतोय असं भासवत मनगट हातात धरलं. आजोबा डोळे मिटून पडले होते. पांघरुणाची घडी वर जाई, जरा थांबे, खाली येई. चाळीस सेकंदांनंतर माझी नजर घसरली, समोरच्या पलंगावरची बेल वाजत होती. कधी न संपणारं मिनिट होतं ते. संपल्यावर मी २० म्हणाले, सिस्टर २२ म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा आकडा लिहिला नाही. परत मोज, म्हणाल्या. दुसऱ्या वेळी माझे २१ आले, त्यांचेही २१. चार्टवर शून्याच्या जागी दोन गुण पडले. त्यांनी आजोबांना उशांवर जरा उठवून बसवलं, डॉक्टरांना कळवलं, आणि ऑब्झर्वेशन्समधलं अंतर कमी केलं.

साडेतीन तास मी एका रविवारी सकाळी भरून दिले, साडेसात ते अकरा. दहा वाजून पन्नास मिनिटांनी त्या दिवशीच्या इनचार्जनं विचारलं, आटपलं असेल तर निघतेस का. मी घड्याळाकडे मान झुकवली आणि थांबले. त्या खोट्या वेळेच्या प्रकाराची नोंद माझ्या फाइलमध्ये चार ओळींची आहे, आणि त्याच्याखाली सुधारलेलं टाइमशीट. जास्त थांबलेले सव्वादोन तास मागितले नाहीत. आता मात्र जास्तीचं एक मिनिटही लिहिते.

घरी येऊन मावसबहिणीला फोन लावला. ती नाइटहून येऊन नुकती झोपायच्या बेतात होती. तिला सगळं सांगितलं, तास, मीटिंग, आणि मग ते सम-विषम आकड्यांचं. मला वाटलं ती म्हणेल, इथे एकदा येऊन बघ म्हणावं त्यांना. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आम्ही मोजायचो गं ताई. ज्याच्याकडे बघून शंका यायची, त्याचा पूर्ण मिनिट मोजायचो. बाकीच्यांचा वीस लिहायचो.'

मी विचारलं, सगळ्यांचा वीसच?

'हो,' ती म्हणाली, 'वीस किंवा बावीस.' आणि थोड्या वेळानं, 'आज रात्री जाते तर बघते.'