उभा नकाशा, आडवी चौकट

मुंबईच्या लोकलचा नकाशा काढायला घेतला की तो उभाच होतो. चर्चगेट आणि सीएसएमटी तळाला, डहाणू आणि कसारा वरच्या टोकाला, पनवेल उजवीकडे. कल्याणहून फुटलेला कर्जत-खोपोलीचा फाटा थोडा बाजूला उतरतो, तेवढीच काय ती रुंदी. मी मोठ्या अक्षरांतला असा एक नकाशा एसव्हीजीमध्ये (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या सूचना साठवणाऱ्या चित्रफाइलमध्ये) काढलाय, घरातल्या ज्येष्ठांना झूम न करता वाचता यावा म्हणून. रुंदी ४००, उंची १२००, पण हे आकडे फक्त व्ह्यूबॉक्समध्ये, म्हणजे चित्राची आतली चौकट सांगणाऱ्या नोंदीत.

तो एका स्थानिक पोर्टलने आपल्या पानावर लावला आणि संध्याकाळी डोंबिवलीहून काकांचा फोन आला. "अगं, नकाशा कुठाय? मला तर मधोमध एक काडी उभी दिसतेय."

ती काडी का दिसली, हे नीट समजून घेतलंच पाहिजे असं मला वाटलं. चित्र कितीही चांगलं काढा, पानावर ते किती जागा घेणार हे ब्राउझर ठरवतो. जेपीजीचं सोपं असतं, तिचे पिक्सेल मोजलेले असतात. एसव्हीजीच्या फाइलमध्ये रुंदी-उंची लिहिली नाही तरी ती फाइल चालते. मग ब्राउझर तीन ठिकाणी विचारतो: फाइलला, तिला पानात आणणाऱ्या टॅगला (पानाच्या कोडमधल्या खुणेला) आणि बाहेरच्या चौकटीला. कोणाचं ऐकायचं, हे टॅगप्रमाणे बदलतं.

पोर्टलवाल्यांनी आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरी फाइल दाखवणारी खिडकी, वापरली होती, मापं न देता. आयफ्रेम आतल्या फाइलला काहीच विचारत नाही. मापं दिली नाहीत की ती सरळ ३०० बाय १५० पिक्सेलची होते, आत काहीही असो. आता १२०० उंचीचं चित्र १५० मध्ये बसवायचं तर आठवा हिस्सा करावा लागतो, म्हणजे ४०० ची रुंदी उरते ५०. एसव्हीजीचा मूळ नियम असा की प्रमाण मोडायचं नाही आणि चित्र मधोमध ठेवायचं. म्हणून दोन्ही बाजूंना १२५ पिक्सेल मोकळे आणि मध्ये काकांची काडी. ब्राउझरने सगळं नियमानुसारच केलं होतं.

तीच फाइल इमेज टॅगने आणा. इमेज टॅग आत डोकावतो. फाइलमध्ये रुंदी-उंची नसली तरी व्ह्यूबॉक्स असतो, त्यातून एकास तीन हे प्रमाण त्याला कळतं. मोबाइलवर ३६० पिक्सेलच्या रकान्यात नकाशा पूर्ण ३६० घेतो आणि उंची १०८० होते. व्ह्यूबॉक्स काढून टाका, की पुन्हा ३०० बाय १५० ची चौकट हजर. आणि या वेळी चित्र लहानही होत नाही, कोपऱ्यातून कापलं जातं. चित्रांच्या ॲपमधून फाइल काढताना व्ह्यूबॉक्स राहिलाय ना, हे मी सगळ्यात आधी पाहते.

हे तपासायला मी नेहमी एक उघडंबोडकं पान करते. नकाशा त्यात घ्यायचाच नाही. व्ह्यूबॉक्सच्या काठाला काठ लावून एक आयत, आणि मधोमध एक वर्तुळ. वर्तुळ अंडाकृती दिसलं की समजायचं, कुठेतरी प्रमाण मोडलंय. बाहेरच्या चौकटीला निळी आउटलाइन, एसव्हीजीला लाल. बॉर्डर नाही, आउटलाइनच, कारण बॉर्डर स्वतः जागा खाते आणि माप बिघडवते. पानाच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान आजच्या नियमांचं आहे हे सांगणारी खूण, हवाच. तो नसेल तर ब्राउझर जुन्या क्वर्क्स मोडमध्ये जातो, तिथे टक्क्यांतल्या उंचीचा हिशोब वेगळा, आणि मग आपण भलतीच गोष्ट तपासत बसतो.

लाल आणि निळ्या रेषा शेजारी असल्या की बारीक गोष्टी उघड्या पडतात. थेट एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या एसव्हीजीखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसते. ती ओळीतल्या अक्षरांच्या शेपटांसाठी राखलेली जागा. डिस्प्ले ब्लॉक केलं, म्हणजे चित्र ओळीतून काढून स्वतंत्र ठोकळा केलं, की जाते. त्याहून फसवा प्रकार असा: एसव्हीजी टॅगवर रुंदी ४०० आणि उंची १२०० लिहिलेली, सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत) फक्त कमाल रुंदी १०० टक्के. ३६० च्या फोनवर रुंदी आक्रसते, उंची मात्र १२०० वरच अडून राहते. आतलं चित्र ३६० बाय १०८० चं होतं आणि वर-खाली ६०-६० पिक्सेल रिकामे राहतात. बघणाऱ्याला वाटतं मार्जिन जास्त झालं, आणि तो मार्जिनच्या मागे लागतो. इलाज एकच ओळ: उंची ऑटो. इमेज टॅगमध्ये मात्र, फाइलच्या आत तेच आकडे असले तरी, हा त्रास होत नाही. तिथे ती चित्राची नैसर्गिक मापं धरली जातात आणि दोन्ही बाजू मिळून लहान होतात. एकाच फाइलच्या या दोन वागणुकी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते, कारण नुसतं ऐकून ते पटत नाही.

चाचणीच्या पानात मी अक्षरं घालत नाही. इमेज टॅगमधल्या एसव्हीजीपर्यंत पानाचा वेबफॉन्ट पोचत नाही, फोनमधलाच फॉन्ट लागतो, आणि 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' एका फोनवर मावतं तर दुसऱ्यावर बाहेर जातं. तो प्रश्न खरा आहे, पण तो वेगळ्या पानावर तपासायचा.

खरी कसोटी लागते ती बाहेरची चौकटच आतल्या मजकुराएवढी होणारी असते तेव्हा. फ्लोट घ्या किंवा इनलाइन-ब्लॉक, सीएसएसच्या या दोन मांडण्या अशाच. चौकट विचारते चित्राला, तुझी रुंदी किती? चित्र विचारतं चौकटीला. फक्त प्रमाण माहीत असलेल्या चित्राची रुंदी अशा वेळी किती धरायची, हे सीएसएस २.१ ने चक्क अनिर्णित ठेवलं होतं. म्हणून हा कोपरा क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींवर बघितल्याशिवाय मी काम पुढे पाठवत नाही. आयफोनवरचं क्रोम बघून भागत नाही, आपल्याकडे ते आतून सफारीचंच वेबकिट इंजिन असतं. ब्राउझर बनवणारेही अशा जोड्या तपासतात. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा त्यांचा सामायिक संच सगळ्यांना खुला आहे, आणि रुंदी, उंची, व्ह्यूबॉक्स, चौकट यांची एकेक अदलाबदल तिथे मांडलेली सापडते. मी शिकले ती बरीचशी तिथूनच.

इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात थेट लिहिलेल्या एसव्हीजीची उंची १५० वर अडकायची आणि आम्ही खाली रुंदीच्या ३०० टक्के पॅडिंग (मोकळी जागा) देऊन जागा धरायचो. २०२१ मध्ये ॲस्पेक्ट-रेशो, म्हणजे सीएसएसमध्येच प्रमाण सांगायची सोय, ब्राउझरांत रुळलं आणि ते पॅडिंग सुटलं.

पोर्टलवाल्यांना मी इमेज टॅगची ओळ पाठवली. फाइलमध्ये व्ह्यूबॉक्स आणि रुंदी-उंची तिन्ही, सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो. त्यांना आयफ्रेमच ठेवायची असेल तर फाइलमध्ये रुंदी-उंची न घालता नुसता व्ह्यूबॉक्स ठेवा, आयफ्रेमला रुंदी १०० टक्के आणि ॲस्पेक्ट-रेशो १ बाय ३ द्या, बॉर्डर शून्य करा, असंही लिहिलं. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. काकांच्या फोनवर आता दिवा, कोपर ही शेजारशेजारची नावंही वाचता येतात.